फुंकणी घ्यायच्या आधी चुलीकडे बघा

लग्नानंतर मी रत्नागिरीकडच्या या घरात आले तेव्हा चूल मला नवीन होती. पहिले पंधरा दिवस माझे डोळे सतत लाल असायचे. धूर झाला की मी फुंकणी उचलायची आणि जीव खाऊन फुंकत बसायची. एका सकाळी सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "अगो, फुंकून धूर जात नाही, डोळे जातात. धूर का येतोय ते आधी बघ." मग त्यांनी चुलीतली निम्मी लाकडं बाहेर ओढली आणि जाळ आपोआप वर आला.

घरात गॅस आहे. तरी भात, कुळीथ, मोठ्या पातेल्यातला रस्सा आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच होतं. गावाकडच्या घरी सुट्टीला येणारे, शेतघर बांधणारे किंवा सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा लाकडांकडे वळलेले अनेक जण मला चुलीबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या नशिबात धूर असतोच, ही समजूत मला मुळीच मान्य नाही.

धूर म्हणजे न जळलेलं जळण

लाकूड थेट जळत नाही. साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसपर्यंत तापलं की त्यातून वायू सुटायला लागतात, आणि आपल्याला जी ज्योत दिसते ती या वायूंची असते. लाकडाच्या वजनाचा जवळपास तीनचतुर्थांश भाग असा वायूरूपाने निघून जातो. उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा. सुटलेल्या वायूला पुरेशी धग आणि पुरेशी हवा मिळाली तर तो जळतो, नाही तर धूर होऊन तुमच्या डोळ्यांत, छातीत आणि छपराच्या वाशांवर जातो. म्हणून धूर दिसला की तीनच गोष्टी तपासायच्या: लाकूड ओलं आहे का, हवा कोंडली आहे का, आणि चूल अजून गार आहे का. यापुढची बहुतेक सगळी दुरुस्ती या तीन प्रश्नांतूनच निघते.

जळण: खरं काम आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधीचं

चुलीच्या तक्रारींपैकी बहुतेक लाकडातच असतात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे दोन किलो ओलं लाकूड चुलीत सारलं की त्याबरोबर सुमारे एक लिटर पाणीही आत गेलं. त्या एका लिटरची पूर्ण वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात आठ लिटर गार पाण्याला उकळी आली असती. ही उष्णता तुमच्या भातापर्यंत पोचतच नाही. चुलीतलं तापमान उतरतं आणि धूर सुटतो.

म्हणून आमच्याकडे लाकूड जानेवारी-फेब्रुवारीत तोडून लगेच फोडलं जातं. फोडणं महत्त्वाचं, कारण सालीतून ओल फार हळू बाहेर पडते आणि फोडलेल्या अंगातून पटकन. चुलीसाठी मनगटाएवढी जाडी पुरे, लांबी दीड-दोन फूट. खाली दोन आडवे वासे किंवा दगड घालून, मध्ये वारा खेळेल अशी फट ठेवून उन्हात रचायचं. बाभळीसारखं किंवा ऐनासारखं घट्ट लाकूड वाळायला सहा महिने ते वर्ष घेतं, त्यामुळे शक्य असेल त्याने एका वर्षाचं जळण पुढच्या वर्षी जाळावं. पावसाची आगोट भरताना मे अखेरीस वाळलेलं लाकूड छपराखाली आलं पाहिजे. भिंतीला अगदी चिकटवून लावू नका, तिथे ओल धरते आणि वाळवी लागते.

वाळलं की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं लाकूड टणटणीत वाजतं, ओल्याचा आवाज बोदा येतो. वाळलेल्याच्या टोकाला मध्यापासून चिरा पडलेल्या असतात आणि साल सहज सुटते. खात्री करायची असेल तर एक तुकडा काट्यावर तोला, आठ दिवस उन्हात ठेवा आणि पुन्हा तोला. वजन अजून उतरत असेल तर ते तयार नाही. चुलीत घातल्यावर टोकाला फेस येऊन चर्र आवाज आला, तर मात्र चूलच उत्तर देते आहे.

कुठलं लाकूड कशाला, हे हाताला सवयीने कळतं. बाभूळ, खैर, धावडा, ऐन, किंजळ, सुरू यांचे निखारे टिकतात. डाळ शिजवायला, भाकरी शेकायला तेच हवेत. आंब्याचं लाकूड हलकं, भरभर जळून जातं आणि नीट वाळलेलं नसेल तर फार धुरकट. सुबाभूळ लवकर वाळते. घाटावर तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या), मक्याची बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं) आणि गोवऱ्या चालतात. तुराट्यांचा जाळ मोठा पण क्षणभराचा, म्हणून त्यांच्याजवळून उठता येत नाही. गोवरी मंद जळते आणि धूर बराच करते. दूध आटवायला ती बरी, पण ती उघड्यावर वापरा. आमच्याकडे चुलीला नारळ उपयोगी पडतो: चुडतं (वाळक्या झावळ्या) पेटवायला, सोडण (नारळावरचं काथ्याचं आवरण) धग धरायला आणि करवंटी जाळ वाढवायला. करवंटी एका वेळी एकच घाला. चार घातल्या तर ज्वाला चुलीच्या तोंडाबाहेर येतात.

झाड तोडण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या राज्यात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच अशी अनेक झाडं अनुसूचित आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी घ्यावी लागते. पडलेल्या फांद्या आणि छाटणी यांवरच आमचं बहुतेक वर्ष निघतं.

आता काय जाळायचं नाही ते. दुधाची पिशवी, कॅरीबॅग, रबर, थर्माकोल, वायरी यांचा धूर विषारी असतो, आणि तो अन्नाला आणि भांड्याला लागतो. पटकन पेटतं म्हणून दुधाची पिशवी घालायची सवय घरोघरी आहे. ती आजच सोडा. रंगवलेलं किंवा वार्निश लावलेलं लाकूड, प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या, वाळवीचं औषध मारलेले जुने वासे नकोत. कण्हेर अजिबात नको, तिचा धूरही बाधतो. काजूच्या बियांची टरफलं उघड्या चुलीत घालू नका. त्यातलं तेल कातडी भाजतं आणि त्याच्या धुराने घसा, डोळे जळतात. बांबू घालायचा तर उभा चिरून, कारण बंद पेरातली हवा तापून पेर बंदुकीसारखं फुटतं. तीन दगडांची चूल मांडताना नदीतले दगड घेऊ नयेत, तेही याच कारणाने. आत मुरलेलं पाणी वाफ होतं आणि दगड तडकून उडतो.

लाकडाच्या रचीत हात घालताना उजेड हवा. आमच्या भागात फुरसं (विषारी साप) आणि विंचू दोन्ही तिथे मुक्कामाला असतात. आधी काठीने हलवायचं, मग वरचं लाकूड उचलायचं. मधूनच ओढून काढायचं नाही.

पेटवणं

चुलीत आधी वाकून बघा. उबेला मांजराची पिल्लं राखेत येऊन झोपतात, हे मी दोनदा पाहिलं आहे. मग राख ओढा, पण सगळी खरवडू नका. तळाला बोटभर थर राहू दे, तो धग धरून ठेवतो. त्याहून जास्त राख राहिली तर हवेची वाट बुजते.

दोन मध्यम लाकडं हातभर आत, एकमेकांपासून चार बोटं अंतरावर समांतर ठेवा. मधल्या खळग्यात चुडताचा चुरगळलेला झुबका किंवा वाळकी पानं, त्यावर बोटापेक्षा बारीक काटक्या आडव्या-उभ्या, आणि वर अंगठ्याएवढ्या दोन-तीन ढलप्या. काडी खालून, तोंडाच्या बाजूने लावायची. आग वर चढते, म्हणून वरून लावलेली काडी पुष्कळदा वाया जाते. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांपैकी काहीही ओतू नका. राखेखाली एखादा निखारा जिवंत असला तर त्यावर पडलेल्या रॉकेलची वाफ होते, आणि ती वाफ भडकते तेव्हा ज्वाला थेट हातातल्या बाटलीपर्यंत येते. पेट्रोलला तर निखाराही लागत नाही, ठिणगी पुरते.

काटक्या धडधडून पेटल्यावरच मोठं लाकूड सारा. भांडंही तेव्हाच ठेवा. गार, पाण्याने भरलेलं पातेलं सुरुवातीलाच वर बसवलं तर कोवळ्या ज्वाला त्याच्या बुडाला लागून विझतात आणि सगळा जाळ काजळी होतो.

यापुढे एकच शिस्त: कमी लाकूड, आणि फक्त टोकाने. दोन किंवा तीन लाकडांची टोकं जळत राहतील इतकीच आत. जळत गेली की पुढे सारायची. चुलीच्या तोंडाचा किमान तिसरा हिस्सा मोकळा हवा, कारण हवा आत येते ती तिथून. नवशिके जाळ कमी वाटला की आणखी दोन लाकडं कोंबतात आणि हवाच बंद करतात. सासूबाईंनी त्या दिवशी निम्मी लाकडं ओढली त्याचं कारण हेच. लाकडाचं बाहेरचं टोक जड असेल तर त्याखाली दगड द्या, नाही तर जळतं टोक वर उचकून लाकूड जमिनीवर येतं.

फुंकणीचा उपयोग आहे, पण धुरावर नाही. ती निखाऱ्याच्या बुडाशी धरून हळू, लांब फुंकायचं. श्वास घेताना तोंड नळीपासून पूर्ण बाजूला न्यायचं. चूल बराच वेळ नुसती धुमसत असेल तर आत न जळलेला वायू साठलेला असतो. फुंकर बसली की तो एकदम भडकतो, म्हणून चेहरा चुलीच्या तोंडासमोर न ठेवता बाजूला ठेवावा.

कुठे बिघडलं आहे ते कसं ओळखाल

काटक्या जळतात पण लाकूड धरत नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. इथे लाकूड ओलं असतं, नाही तर फार जाड. ते बाहेर काढा, कोयत्याने चिरा आणि चुलीच्या कडेला, वैलाच्या (चुलीला जोडलेल्या बाजूच्या तोंडाच्या) उबेला ठेवा. उद्याचं जळण आज चुलीजवळ तापत राहिलं पाहिजे. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की वाळलेलं लाकूडही ओल ओढून घेतं, त्यामुळे एका दिवसाचं लाकूड स्वयंपाकघरात असावं. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या मांडणीवर ठेवत असाल तर ती जाळाच्या अगदी डोक्यावर नको. थोडी बाजूला आणि माणसाच्या उंचीइतकी वर. रोज तापून कोरडंठाक झालेलं लाकूड एका ठिणगीने पेटतं.

जाळ चांगला दिसतो पण पाणी तापत नाही, तेव्हा भांडं आणि आग यांतलं अंतर बघा. ज्वालेचं टोक बुडाला लागलं पाहिजे. भांडं फार वर असेल तर धग बाजूने निघून जाते. उलट ते थेट चुलीच्या काठावर टेकलं असेल तर धुराला वाट उरत नाही. काठावरच्या तीन उंचवट्यांमुळे साधारण बोटभर फट राहते, तेवढी नेमकी असते. उंचवटे झिजले असतील तर नवीन थापा. वाऱ्याने जाळ एका बाजूला झुकत असेल तर चुलीच्या तोंडाजवळ पत्र्याचा आडोसा करा.

भांडं काळंकुळकुळीत होणं म्हणजे अर्धवट जळणं. पिवळा, धुरकट जाळ दिसला की लाकूड कमी करा. इथे एक छोटा खर्च फार उपयोगी पडतो: लोखंडी बिडाची जाळी तळापासून दोन-तीन इंच वर बसवायची आणि लाकूड तिच्यावर ठेवायचं. हवा खालून येते, राख खाली पडते. आमचं जळण त्यानंतर लक्षात येईल इतकं कमी लागायला लागलं.

चुलीला भेगा पडल्या तर त्यातून हवा भलतीकडे घुसते आणि ओढ मोडते. वारुळाची माती, शेण आणि भाताचं तूस मळून एक रात्र मुरत ठेवा, भेग ओली करून भरा आणि सावलीत वाळू द्या. दोन-तीन दिवस फक्त काटक्यांचा बारीक जाळ करा. ओल्या मातीवर मोठा जाळ केला की भेग पुन्हा तिथेच पडते.

धुराडं असेल तर

वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची मगन चूल तयार झाली, आणि पुढे 1980 च्या दशकात सरकारने देशभर निर्धूर चुली बसवल्या. त्यांतल्या कित्येक काही वर्षांत पडून राहिल्या. मी जुन्या घरांत पाहिल्या त्यांची धुराडी काजळीने गच्च होती. चूल चांगली होती, पण नळी साफ करायची असते हे बायकांना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

धुराडं ओढतं ते आतली हवा तापून वर चढते म्हणून. गार नळी ओढत नाही. त्यामुळे सकाळी पेटवण्याआधी नळीच्या बुडाशी, वैलाच्या भोकातून, एक पेटतं चुडत धरा. अर्ध्या मिनिटात ओढ सुरू होते. वापरात नसलेलं वैल भांड्याने किंवा झाकणाने बंद हवं, नाही तर तिथून गार हवा शिरते. नळी छपराच्या सगळ्यात उंच जागेपेक्षा किमान दोन फूट वर काढा आणि तिला टोपी बसवा. खाली ठेवली तर वारा छपरावरून उलटा आत ढकलतो. गवती छप्पर किंवा लाकडी वासे नळीला चिकटलेले नकोत. मध्ये पत्र्याची कड देऊन वीतभर तरी अंतर ठेवा. नळी जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल तर ती कापू किंवा घासू नका, तिची धूळ फुफ्फुसाला घातक असते.

रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा, ओलं लाकूड जाळलं असेल तर पंधरा दिवसांनी, नळी साफ करा. दोरीला सोडणाचा गुंडाळा बांधून वरून खाली ओढायचा. चूल पूर्ण गार हवी, तोंडाला फडकं हवं. ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकट होते, आणि हीच काजळी एखाद्या दिवशी नळीतच पेटते. धडधड आवाज आणि वरून ठिणग्या दिसल्या तर लाकडं बाहेर ओढा, निखाऱ्यांवर वाळू टाका, चुलीचं तोंड आणि वैल पत्र्याने बंद करा म्हणजे हवा तुटेल. तापलेल्या नळीत पाणी ओतू नका, ती फुटते. माणसं बाहेर काढून 101 किंवा 112 ला फोन करा. त्यानंतर नळी तपासल्याशिवाय पुन्हा पेटवायची नाही.

न दिसणारा धोका

निखारे धूर करत नाहीत म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. खरं तर धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे 200 पट घट्ट चिकटतो. एका जानेवारीत थंडी फार होती म्हणून आम्ही पाहुण्यांच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि दार लोटलं. पहाटे माझ्या नणंदेला डोकेदुखी आणि उलटी झाली म्हणून ती उठली, आणि ती उठली म्हणून सगळे वाचलो. त्या रात्रीनंतर आमच्या घरात झोपायच्या खोलीत निखारा जात नाही. बाळंतिणीच्या खोलीतही नाही. अपवाद फक्त शेक देण्यापुरता: खिडकी उघडी, जागं माणूस जवळ, आणि शेक झाला की शेगडी बाहेर.

चुलीजवळ बसून डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, विशेषतः घरातल्या दोघा-तिघांना एकदम, असं झालं तर आधी मोकळ्या हवेत या. चूल विझवायला मागे थांबू नका. शुद्ध हरपत असेल तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.

हेच न्हाणीघरातल्या बंबाला लागू आहे. बंब न्हाणीत पेटवून दार बंद करून आंघोळ करणं धोक्याचं आहे. तो बाहेर पेटवा, निखारे पूर्ण काढा, मग गरम पाणी बादलीने आत न्या. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवायचा नाही, कारण तांब्याच्या जोडांवरचा डाख (जोड सांधणारा धातू) कोरड्या धगीने वितळतो. वरचं झाकण सैल राहू दे, वाफेला वाट हवी.

भाजलं तर, आणि रात्री

चुलीजवळ सुती कपडे, पदर खोचलेला, केस बांधलेले. नायलॉनची साडी वितळून कातडीला चिकटते. तीन फुटांच्या आत कडबा, कपडे, रॉकेलचा डबा नको. लहान मुलांसाठी आम्ही सारवताना चुलीभोवती पांढरी रेघ काढतो आणि तिच्या आत कुणी खेळायचं नाही. पेटतं कापड अंगावर असेल तर धावायचं नाही. जमिनीवर पडून लोळायचं, गोधडी गुंडाळायची. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बांगड्या, अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नका. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी नाही, झाकण.

स्वयंपाक झाला की लाकडं बाहेर ओढून त्यांची टोकं वाळूत खुपसा. चुलीत पाणी ओतलं तर माती तडकते आणि तापलेली राख तोंडावर उडते. उरलेले निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात घालून झाकण घट्ट लावा. हवेअभावी ते विझतात आणि तेच कोळसे दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतात, फक्त डबा रात्री अंगणात ठेवा. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. म्हणून गरम राख उकिरड्यावर, भाताच्या उडवीजवळ किंवा प्लास्टिकच्या बादलीत कधीच नाही. पत्र्याच्या बादलीत दोन दिवस ठेवून, हात घालून गार असल्याची खात्री झाली की मगच ती आम्ही माडांच्या आळ्यात टाकतो.